मोरिट्झप्लाट्झचं वळण

बर्लिनच्या क्रॉइझबर्ग भागातलं मोरिट्झप्लाट्झ हे भुयारी स्थानक मूळ आराखड्यात नव्हतंच. आजची यू-८ मार्गिका पहिल्या महायुद्धाआधी एईजी कंपनीने हाती घेतली, तेव्हा ती ड्रेस्डेनर रस्त्याखालून ओरानिएनप्लाट्झला जायची होती. तिथे स्थानकाचा सांगाडाही उभा राहिला. पुढे युद्ध आलं, १९१९ मध्ये कंपनीने काम सोडलं, कोर्टकज्जे झाले. अखेर शहराने काम पुढे नेलं तेव्हा मार्ग मुरडला होता. मोरिट्झप्लाट्झवर १९१३ पासून वेर्टहाइमचं अवाढव्य दुकान होतं आणि या वळणासाठी वेर्टहाइमने पैसे मोजले. वास्तुविशारद पेटर बेरेन्सने आखलेलं हे स्थानक ६ एप्रिल १९२८ला सुरू झालं. ओरानिएनप्लाट्झखालच्या सांगाड्यात प्रवासी गाडी कधीच थांबली नाही.

मेट्रो लोकवस्ती पाहून आखतात, असं आपण धरून चालतो. इथे मात्र निर्णयाच्या घडीला ज्याच्या गल्ल्यात पैसा होता, त्याच्या दारात रूळ गेले. यात गैर काय, असं कुणी विचारेल. दुकानात येणारी गिऱ्हाइकं शहरातलीच, चौकही वर्दळीचा, शिवाय पालिकेला पैशाची चणचण. मुद्दा रास्त आहे. त्या काळच्या हिशेबात तो व्यवहार तोट्याचा म्हणता येणार नाही. पण दुकान आणि बोगदा यांचं आयुष्य सारखं नसतं. वेर्टहाइम कुटुंब ज्यू वंशाचं. नाझींनी ते दुकानाच्या मालकीतून हुसकावलं आणि युद्धात इमारतही कोसळली. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि मोरिट्झप्लाट्झ हे पश्चिमेकडचं शेवटचं स्थानक ठरलं. पुढची सहा स्थानकं पूर्व बर्लिनखाली बंद होती. गाड्या तिथून न थांबता जात आणि त्या वाटेचे पैसे पश्चिमेला पूर्वेकडे भरावे लागत.

भिंतीचा दोष वेर्टहाइमच्या माथी मारू नये, हे खरं. भिंत उठणार, हे १९२८ मध्ये कुणाला ठाऊक होतं? पण भविष्य कळत नाही, म्हणूनच शंभर वर्षं टिकणारं बांधकाम एका पेढीच्या दाराशी जखडणं जोखमीचं. ओरानिएनप्लाट्झभोवतीची दाट वस्ती टिकली आणि तिथल्या माणसाला मेट्रोसाठी आजही मोरिट्झप्लाट्झ किंवा कोट्टबुसर टोर गाठावं लागतं. दुकानाची जागा मात्र दशकानुदशकं ओसाड होती. २००९ मध्ये तिथे खोक्यांतून आणि पोत्यांतून भाजी पिकवणारी बाग सुरू झाली.