गर्भाशयाचे अस्तर पातळ आहे. हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी घ्यावी का?

या उपचारात रुग्णाला बंद चेंबरमध्ये ठेवून आतील दाब नेहमीच्या दीड ते तीनपट वाढवतात आणि शुद्ध ऑक्सिजन देतात. एक सत्र साधारण 60 ते 90 मिनिटे चालते. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन एरवीही ऑक्सिजनने जवळजवळ भरलेले असते. दाबामुळे वाढतो तो रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आणि मधुमेही पायाच्या काही चिघळलेल्या जखमा यांत हा उपचार रूढ आहे.

वंध्यत्वात तो मुख्यतः गर्भाशयाचे अस्तर पातळ राहत असेल तर सुचवला जातो. आयव्हीएफमध्ये भ्रूण सोडण्यापूर्वी अस्तर साधारण 7 मिलिमीटर तरी असावे, अशी अपेक्षा असते. ऑक्सिजन वाढला की नव्या रक्तवाहिन्या तयार होऊन अस्तर सुधारेल, हा यामागचा विचार. विचार पटण्यासारखा आहे, पण पुरावा तोकडा आहे. आतापर्यंतचे अभ्यास थोड्या स्त्रियांवरचे आहेत आणि सोनोग्राफीत अस्तर जाड दिसले म्हणजे मूल होण्याची शक्यता वाढलीच, असे नाही. अमेरिकेतील अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटीच्या मान्य आजारांच्या यादीत वंध्यत्व नाही.

माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: अस्तर पातळ का राहते? आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयरोग हे त्याचे महत्त्वाचे कारण आहे आणि तो अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. गर्भपातानंतर केलेल्या क्युरेटिंगमुळेही आत चिकटपणा येतो, पाळी कमी होते. हिस्टेरोस्कोपी आणि अस्तराची तपासणी केल्यास यांपैकी बरेच कळते. क्षयाला औषधे लागतात, चिकटपणा शस्त्रक्रियेने सोडवावा लागतो. ऑक्सिजनने बंद गर्भनलिका उघडत नाहीत, अंड्यांचा साठाही वाढत नाही. (आणि पतीची वीर्यतपासणी झाली आहे ना? ती राहून गेलेली जोडपी अजूनही भेटतात.)

दुष्परिणामांत कान दुखणे सर्वाधिक आढळते. काहींना तात्पुरते दूरचे धूसर दिसते. झटका क्वचित येतो. मधुमेहींची साखर सत्रादरम्यान उतरू शकते. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असेल, तर त्यावर उपचार होईपर्यंत चेंबरमध्ये जाऊच नये. गर्भ राहिल्याची शक्यता असल्यास आधी सांगा; विषबाधेसारखे तातडीचे कारण नसेल तर गरोदरपणात हा उपचार टाळतात.

तरीही घ्यायचा असेल, तर किती सत्रे, एकूण खर्च किती आणि अस्तर वाढले नाही तर पुढे काय, हे लेखी मागून घ्या. वय 35 च्या पुढे असेल तर या सत्रांसाठी आयव्हीएफ लांबणीवर टाकू नका.