मॅजिक आय ते कॅमेरा : दारावरच्या डोळ्याचा इतिहास

आपल्या सोसायटीत पहिली बिऱ्हाडं राहायला आली तेव्हा दाराला मॅजिक आय, आतून सेफ्टी चेन आणि खाली खुर्चीवर वॉचमनकाका, एवढीच सुरक्षाव्यवस्था होती. बेल वाजली की टाचा उंचावून बघायचं आणि "कोण आहे?" म्हणून ओरडायचं. आज पंचवीस वर्षांनी बऱ्याच दारांवर कॅमेरे दिसतात. हा डोळा दारावर आला कसा, त्याची ही हकिकत.

घरासाठीचा कॅमेरा सुचला तो एका नर्सला. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहत. त्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ असलेल्या पतीच्या, अल्बर्ट यांच्या, कामाच्या वेळा ठरलेल्या नसत. घरी एकटं असताना दार वाजलं की भीती वाटे आणि पोलीस यायलाही वेळ लागे. म्हणून दोघांनी 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. 2 डिसेंबर 1969 रोजी ते मंजूर झालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं आणि त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, अशी ती रचना होती. चित्र खोलीतल्या टीव्हीवर दिसे, बाहेरच्याशी बोलता येई आणि बटण दाबून कुलूप उघडता येई किंवा मदत मागवता येई. मुख्य म्हणजे, या सगळ्याचा ताबा घरात राहणाऱ्याच्या हाती होता.

पुढे चित्र साठवायची सोय झाली. आधी व्हिडिओ कॅसेट आल्या. त्या सारख्या बदलाव्या लागत. मग हार्ड डिस्कवर साठवणारे डीव्हीआर आले. 1996 मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीनं थेट नेटवर्कला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. त्यानंतर इंटरनेट घरोघरी पोचलं, मोबाईल हातात आला आणि चित्रीकरण घराबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ लागलं. त्यालाच आपण क्लाउड म्हणतो. सोय झाली, पण महिन्याची वर्गणीही मागे लागली.

ती कशी अंगाशी येते, हे आमच्याच घरी कळलं. मुलीनं कॅमेरा पाठवला, सुरुवातीचे काही महिने क्लाउड फुकट होता. मुदत कधी संपली ते आमच्या लक्षातच आलं नाही. एक दिवस दाराबाहेरून नातवाची सायकल गायब झाली. ॲपवर थेट चित्र दिसत होतं, पण आदल्या दुपारचं रेकॉर्डिंग काही उघडेना. 'प्लॅन घ्या' एवढाच मेसेज. मग आमचा संशय कुणावर जावा? तर वॉचमनकाकांवर! तीन दिवसांनी सायकल दुसऱ्या विंगच्या जिन्याखाली सापडली. मुलांनीच खेळताना नेऊन ठेवली होती.

त्यानंतर मी दुसरा कॅमेरा घेतला, तो नीट चौकशी करून. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारायचा : "वर्गणी न भरता मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग होतं का, आणि ते मोबाईलवर मागे जाऊन बघता येतं का?" काही कॅमेऱ्यांत कार्ड बसतं, पण हालचालीची सूचना वगैरे सोयींना पैसे पडतात. तेही विचारून घ्यावं. समजा महिन्याला 200 रुपये वर्गणी असेल, तर पाच वर्षांत 12,000 रुपये होतात. कॅमेऱ्याची किंमत धरताना हाही हिशेब मांडावा.

कार्ड केवढं घ्यायचं? सेकंदाला एक मेगाबिट या वेगानं अखंड रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला साधारण 11 जीबी लागतात. म्हणजे 128 जीबीच्या कार्डात दहा-अकरा दिवस मावतात, मग जुनं पुसून नवं चढतं. चित्र जास्त स्पष्ट हवं असेल तर दिवस कमी होतात. सतत लिहून कार्ड झिजतं, म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्यावं आणि महिन्यातून एकदा जुनं रेकॉर्डिंग उघडून बघावं. चोरानं कॅमेराच नेला तर कार्डही जातं. त्यामुळे तो उंचावर किंवा दाराच्या आत बसवावा. तीन-चार कॅमेरे असतील तर घरात हार्ड डिस्कचा रेकॉर्डर ठेवलेला बरा. त्यासाठी 'ऑनव्हिफ' चालतं का ते विचारावं. 2008 मध्ये सुरू झालेल्या या मानकामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येतो. वीज गेल्यावरही कॅमेरा चालू राहायला हवा असेल, तर राउटरसुद्धा इन्व्हर्टरवर घ्यावा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आणि कॅमेऱ्याचं तोंड आपल्या उंबऱ्याकडे असावं, समोरच्यांच्या हॉलमध्ये नको!

साठ वर्षांपूर्वी त्या नर्सबाईंनी दाराचा ताबा घरातल्या माणसाकडे ठेवला होता. आपल्या दारावरचं चित्रीकरणही आपल्याच घरात असावं, एवढंच सांगणं. कुणाला कॅमेरा बसवायचा असेल तर बेधडक माझी बेल वाजवा.

आणि वॉचमनकाका, त्या तीन दिवसांत तुमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ते अजून मनाला लागून आहे. तेव्हा बोललो नाही. आज या स्मरणिकेतून सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.

— एक सभासद