दिव्याच्या तारेवरची चूल

पंढरपुरातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर अजून कुठे कुठे सागवानी पट्ट्या दिसतात. त्यांवरून विजेच्या तारा गेल्या होत्या. ज्यांनी त्या ठोकल्या त्यांचा हिशेब सोपा होता : दोन खोल्या, तीन बल्ब, जमलंच तर एक पंखा. या तारेवर कुणी भात शिजवील, हे त्यांच्या मनातही नसेल.

विजेवर रांधायची हौस मात्र जुनी. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेचं स्वयंपाकघर मांडलं होतं. पण तापणारी तार फार दिवस टिकत नसे. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाला निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं आणि लालबुंद होऊनही न जळणारी तार हाती आली. आपल्या शेगडीच्या चकतीत वेटोळं घालून बसलेली कॉइल तिचीच वंशज.

आमच्या घरी शेगडी आली १९८०च्या सुमारास. रॉकेलच्या रांगेला अम्मी कंटाळली होती. एक हजार वॅटला २३० व्होल्टनं भागा, सव्वाचार अँपिअरच्या थोडं वर येतं. प्लग पाच अँपिअरचा, म्हणून चालून गेलं. खरं तर दिव्यांच्या एका सर्किटवर ८०० वॅटच्या वर भार नको, असा वायरिंगचा दंडक. पण तो आम्हाला कोण सांगणार?

कॉइल तुटली की अब्बा तुटलेली टोकं ओढून एकमेकांत पिळायचे. दर वेळी तार थोडी तोकडी व्हायची, तिचा रोध कमी व्हायचा आणि शेगडी जास्त वीज ओढायची. "दुरुस्तीनंतर बघा कशी पेटते!" अम्मी खूश. फ्यूज उडायला लागला, तेव्हा किटकॅटमध्ये जाड तार घातली गेली. म्हणजे ओरडणाऱ्याचंच तोंड बांधलं.

त्या वर्षांत रमजान आणि आषाढी एकाच महिन्यात येत. एका पहाटे सहेरीच्या वेळी भिंतीवरची पट्टी धुमसू लागली. पलीकडच्या खोलीत दहा-बारा वारकरी झोपलेले. अब्बांनी मेन स्विच ओढला, वारकऱ्यांनीच वाळू आणून टाकली. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे मी शाळेत शिकलो होतो. वास त्या दिवशी कळला.

नंतर वायरमननं मीटरपासून वेगळी सात-बावीसची तार ओढली. बावीस गेजच्या सात तारांचा पीळ. दिव्यांना तीन-बावीस पुरे.

सगळ्या घरांतली सगळी उपकरणं एकदम चालत नाहीत, हे गृहीत धरूनच गावाचा भार मोजतात. पंढरपुरात एकादशीला हे गृहीतक मोडतं. घरोघरी पाहुणे, घरोघरी खिचडी. व्होल्टेज २३०वरून १८० झालं, तर दोन हजार वॅटची कॉइलची शेगडी जेमतेम सव्वाबाराशे वॅटची उरते. साबुदाणा कच्चा राहतो, तो उगीच नव्हे.

आता इंडक्शन आलं. वारीच्या आधी गल्लीतल्या एका घरी नवं कोरं पाहिलं. मालक म्हणाले, "चार दिवसांचे पाहुणे, वायर कशाला बदलायची?" मी त्यांच्याच वीजबिलाच्या पाठीवर दोन हजाराला २३०नं भागून दाखवलं. ८.७ अँपिअर. त्यांनी प्लगकडे पाहिलं. पाचचाच होता.