दोन हजार रुपये आणि सातबाऱ्यावरचं नाव

आजचा इतिहास फार जुना नाही, एप्रिल २०२० चा आहे. पण तो समजून घ्यायला आपल्याला सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला. विदर्भात कापसाची खरेदी थांबली, कित्येक घरांत कापूस तसाच पडून राहिला. दोनच दिवसांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १.७० लाख कोटींचं पॅकेज सांगितलं. त्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांना पीएम किसानचे २,००० रुपये होते.

आता हे पैसे नवे नव्हते बरं का. योजना फेब्रुवारी २०१९ मध्येच सुरू झाली होती. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. एप्रिल ते जुलैचा हप्ता सरकारनं एप्रिलच्या सुरुवातीलाच सोडला, एवढंच. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. म्हणजे हप्ता झाला साधारण ३६ किलो कापसाएवढा.

तरी सगळं बंद असताना पैसे खात्यात आले, हे खरंच मोठं काम होतं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला त्यामागची यादी दिसते: जमिनीची नोंद, आधार, बँक खातं. यादी तयार होती, म्हणून वेग आला. पण यादीत यायची अट काय? १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर हवी. दुसऱ्याचं वावर ठेक्यानं करणारा माणूस त्यात बसतच नव्हता.

नागपूरला हे नवीन नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं. तेव्हा शेतकऱ्याला मदत द्यायचे दोन मार्ग होते. एक, शेतसारा तहकूब करणं. पण सारा भरायचा मालगुजार, कुळं त्याला खंड द्यायची. म्हणजे सवलत आधी मालगुजाराच्या दारी पोचायची. दुसरा, १८८४ च्या कायद्याखालची बी-बैलांसाठीची तगाई. ते कर्ज होतं, आणि त्यासाठी जमीन तरी हवी नाहीतर जामीन तरी.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९५८ मध्ये विदर्भासाठी वेगळा कूळकायदा आला, कसणाऱ्याला मालकी देण्यासाठी. बऱ्याच कुळांना त्यातून जमीन मिळालीही. पण मालकांनी धसका घेतला: कागद केला तर कूळ लागेल! तेव्हापासून ठेका बहुतेक तोंडीच. ज्या कायद्यानं कुळाला हक्क दिला, त्याच्याच भीतीनं पुढचा कसणारा कागदावरून गायब झाला. २०२० मध्ये कॉम्प्युटरनं तोच कागद वाचला.

२०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आहे. सातबाऱ्यावर काय पेरलं ते मोबाईलवरून नोंदवता येतं. कोणी पेरलं, ते मात्र अजून मालकाच्याच नावानं चढतं. पुढचं संकट यायच्या आत, मालकाचा हक्क न जाता ठेकेदाराचं नाव लागेल असा एक रकाना हवा. रकाना टाकणं तासाभराचं काम आहे हो. मालकाची भीती घालवणं अवघड.

तुमच्या गावात ठेक्यानं करणाऱ्यांनी ते दिवस कसे काढले? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.