चालीवरून ओळखलेले पाखरू

गेल्या शरदात सासूबाई वाईहून ब्लँचर्डस्टाउनला आमच्याकडे आल्या होत्या. एका रविवारी आम्ही टोल्का नदीच्या काठाने फिरत होतो. दूर पाण्यातल्या दगडावर एक पाखरू होते. ऊन डोळ्यांवर येत असल्याने त्याचा रंग काही दिसेना. आमची कन्या दुर्बीण आणि पुस्तक यांच्याशी झटत होती. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, परीट तो! शेपटी बघ कशी सारखी खालीवर करतोय. आपल्या घाटावर थंडीत येतो ना, तोच."

पुस्तक उघडले, तर उत्तर बरोबर! हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारा करडा परीट आणि टोल्केवरचा 'ग्रे वॅगटेल' यांची जात एकच.

अशा प्रकारे नुसत्या ढबीवरून पक्षी ओळखण्याला इंग्रजी पक्षिनिरीक्षकांत 'जिझ' असा शब्द आहे. गंमत म्हणजे त्याचे मूळ आयर्लंडकडे जाते. थॉमस कॉवर्ड हे 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये निसर्गावर सदर लिहीत. १९२१ च्या डिसेंबरात त्यांनी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका माणसाविषयी लिहिले. तो आपल्या खडकांवरचे पक्षी एका नजरेत सांगे, आणि कसे ओळखले असे विचारले की म्हणे, 'जिझवरून'. दुसऱ्या महायुद्धात विमाने ओळखण्यासाठी केलेल्या आद्याक्षरांतून हा शब्द आला, असे पुष्कळदा सांगतात. पण शब्द त्याच्या कितीतरी आधी छापलेला आहे.

विद्वानांची जुनी रीत मात्र वेगळी होती. पक्षी नक्की ओळखायचा तर तो बंदुकीने पाडून हातात घ्यायचा. आपले सालिम अली लहानपणी मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथूनच त्यांना पक्ष्यांचे वेड लागले. इंग्लंडमध्ये एडमंड सेलूस यांनी १९०१ साली 'बर्ड वॉचिंग' हे पुस्तक लिहून मारण्याऐवजी पाहण्याचा आग्रह धरला. हळूहळू बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. लांबूनच ओळखायचे म्हटल्यावर पाखराची चाल, बसणे, उडणे यांना महत्त्व आले. किनाऱ्यावरच्या त्या माणसाला हे आधीपासून येत होते.

आणि आपल्या आज्यांनाही! मराठी नावेच पाहा. पाणवठ्यावर दिसणारा तो परीट, लाकूड ठोकणारा तो सुतार, पाने शिवणारा तो शिंपी, शेपटीचा पंखा करून नाचणारी ती नाचण. नावातच ओळखीची खूण बांधून दिली आहे.

ही नजर येथेही उपयोगी पडते. रस्त्याकडेच्या गवतावर हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला दिसला, तर तो केस्ट्रेल. त्याच्या आयरिश नावातही वारा आहे. हिरवळीवर तुरुतुरु चालतो तो स्टार्लिंग, आणि थोडे धावून थबकतो तो ब्लॅकबर्ड. मान आखडून संथ पंख मारीत जातो तो आपल्याही ओळखीचा राखी बगळा. काळापांढरा परीट तर डब्लिनचा जुना रहिवासी. १९२९ पासून अनेक हिवाळे ओकॉनेल स्ट्रीटवरच्या झाडांत शेकडो परीट रात्रीच्या मुक्कामाला येत.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. कॉवर्ड यांचे नाव राहिले, पण त्या आयरिश माणसाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. मारुती चितमपल्ली यांनी जंगलातल्या माणसांकडून असे शब्द गोळा करून मराठीत आणले. २०२५ साली तेही गेले. आपल्या घरात येणाऱ्या आजी-आजोबांकडचे शब्द कोण टिपणार? आमच्या मुलीला 'वॅगटेल' शाळेत कळेल, 'परीट' कळेल तो आजीकडूनच.

तेव्हा मंडळी, यंदा गावाकडची वडीलधारी माणसे आली की त्यांना टोल्केवर, रॉयल कॅनॉलवर घेऊन जा. जी नावे ते सांगतील, ती गावाच्या नावासकट वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या अंकासाठी पाठवा. आमच्या वहीत पहिले नाव लिहून झाले आहे.