स्मारकपुतळे, महाराष्ट्रातील

थोर व्यक्तींच्या स्मरणार्थ चौक, उद्यान इ. सार्वजनिक जागी उभारलेल्या अर्धाकृती, पूर्णाकृती वा अश्वारूढ शिल्पाकृती. परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी नागरिकाची आधुनिक शिल्पकलेशी गाठ पडते, ती मुख्यतः अशा पुतळ्यांतूनच. त्यामुळे कलेतिहासात हा प्रकार गौण मानणे योग्य नाही. उघड्यावरील शिल्पांची परंपरा मराठवाड्यात जुनी असून याच जिल्ह्यातील चारठाणे येथील मध्ययुगीन मंदिरे तिची साक्ष देतात. मात्र ती शिल्पे देवालयाच्या अंगाने घडली. व्यक्तीचा पुतळा चौकात बसविण्याची प्रथा ब्रिटिश अमदानीत रुजली.

मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासले. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे ‘काळा घोडा’, १९६५ मध्ये हलविण्यात आला व पुढे तो जिजामाता उद्यानात ठेवला गेला. राजा गेला, तरी परिसराचे नाव घोड्याकडेच राहिले. २०१७ मध्ये तेथे श्रीहरी भोसले यांनी घडविलेला स्वाराविना घोडा उभा राहिला.

या परकीय वळणाला एतद्देशीय आशय दिला तो मराठी शिल्पकारांनी. वि. पां. करमरकर (१८९१–१९६७) यांचा पुण्यातील अश्वारूढ शिवाजी महाराजांचा ब्राँझ पुतळा (१९२८) आणि र. कृ. फडके यांचा गिरगाव चौपाटीवरील टिळकांचा पुतळा (१९३३) ही त्याची ठळक उदाहरणे होत. कोल्हापुरातील बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसविण्यात आले. आंबेडकर त्या वेळी हयात होते. स्मारकापेक्षा तो सामाजिक हक्काचा उच्चार होता. पुढे गावोगावच्या पुतळ्यांमागे हीच प्रेरणा प्रबळ राहिली.

पुतळा घडविताना प्रथम मातीचा नमुना, त्यावरून साचा, मग मेणाची प्रतिकृती व शेवटी धातूचे ओतकाम असा क्रम असतो. नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता लागते. परंतु साम्य तपासणे वेगळे आणि वाऱ्याचा भार सोसणारा सांगाडा तपासणे वेगळे. मालवण येथील राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा सु. ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी नमुन्यास, हे त्यानंतर उघड झाले. २०२५ मध्ये तेथे राम सुतार यांच्या शिल्पशाळेत घडविलेला नवा ब्राँझ पुतळा उभारण्यात आला.

लहान नगरांत ब्राँझचा खर्च परवडत नसल्याने सिमेंट वा फायबरचा आश्रय घेतला जातो. जयंतीच्या आधी रंगाचा नवा हात दिला जातो आणि चेहऱ्याच्या बारकाव्यांबरोबर जोत्यावर कोठे शिल्पकाराचे नाव कोरलेले असलेच, तर तेही हळूहळू बुजत जाते.