आत्मविवेक (ख्रिस्ती)

आत्मविवेक, ख्रिस्ती : मनात उठणारी ओढ ईश्वराकडून आली, सैतानाकडून आली की स्वतःच्याच इच्छेतून, हे पारखण्याची ख्रिस्ती साधना. चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष यांचा निकाल दशाज्ञांनी आधीच लावलेला असल्यामुळे तेथे पारख करण्याचे कारण पडत नाही. दोन्ही वाटा वरकरणी चांगल्या दिसतात, तेव्हा तिची गरज भासते.

पूर्वपरंपरा : संत पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (१२:१०) आत्मे ओळखणे हे एक कृपादान मानतो, योहानाच्या पहिल्या पत्रातही (४:१) आत्म्यांची परीक्षा करण्याचा आदेश आहे. ‘डिडाखे’ या आरंभकालीन ग्रंथाची कसोटी सरळ व्यवहाराची आहे : फिरता प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकून बसला किंवा पैसे मागू लागला, तर तो खोटा समजावा. पाचव्या शतकात मठवासी लेखक जॉन कासियानने इजिप्तच्या वाळवंटातील हेरो या वृद्ध तपस्व्याची हकिकत नोंदवली. पन्नास वर्षे एकांतात काढलेला हा तपस्वी उपवास मोडू नये म्हणून ईस्टरच्या सहभोजनालाही जात नसे. तेजस्वी दूताच्या रूपात आलेल्या सैतानाच्या सांगण्यावरून त्याने विहिरीत उडी घेतली. बाहेर काढल्यावर तिसऱ्या दिवशी तो वारला. तोवरही आपण फसलो हे त्याला पटले नाही. कासियानच्या मते त्याच्याकडे तप होते, विवेक नव्हता. मध्ययुगात धर्मपंडित झां जेर्सों याने साक्षात्कारांच्या पडताळणीवर लेखन केले.

इग्नेशियस लोयोला : या विषयाला शास्त्राची शिस्त लावली ती येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस (१४९१–१५५६) यांनी. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर ते लोयोलाच्या वाड्यात अंथरुणाला खिळले. वाचायला ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा एवढेच होते. पराक्रमाची आणि एका उच्चकुलीन स्त्रीच्या सेवेची स्वप्ने रंगवताना सुख वाटे, मागाहून मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचे विचार मात्र ओसरल्यावरही मन प्रसन्न ठेवीत. हा फरक त्यांच्या ध्यानात आला. पण विवेक लगेच अंगी बाणला असे नव्हे. माँसेरातच्या वाटेवर मरियेच्या कौमार्याबद्दल शंका घेणाऱ्या एका मूर मुसलमानाला भोसकावे की सोडावे, हे ठरेना, तेव्हा त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. मूर ज्या गावाकडे गेला होता तिकडे न वळता खेचर हमरस्त्याला लागले आणि मूर वाचला. मान्रेसा येथे भरदिवसा त्यांना हवेत सर्पाकृती दिसे. तिच्यावर डोळ्यांसारखे असंख्य ठिपके चमकत, आणि ती पाहून समाधान वाटे. पुढे क्रूसासमोर प्रार्थना करताना ती फिकी दिसली आणि तो सैतान असल्याची त्यांची खात्री झाली. सालामांका येथे धर्माधिकाऱ्यांनी केलेल्या चौकशीनंतर त्यांना धर्मशिक्षण देण्याची मुभा मिळाली. परंतु कोणते पाप प्राणघातक आणि कोणते क्षम्य, हे आणखी चार वर्षे अध्ययन केल्याखेरीज सांगू नये, अशी अट घातली गेली. हे सर्व त्यांनी अखेरच्या वर्षांत तोंडी सांगितलेल्या आत्मवृत्तात येते.

नियम : ‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या पुस्तिकेला पोप तिसरा पॉल याने १५४८ मध्ये मान्यता दिली. तिच्यातील परिच्छेद ३१३ ते ३३६ विवेकाचे. पहिल्या गटात १४ नियम, दुसऱ्यात ८. पहिला गट नवख्यांसाठी. मन शुष्क असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये, हा त्यातील सर्वांत उपयोगी नियम. मोह गुप्त ठेवला की बळावतो, म्हणून तो पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला किंवा जाणत्या आध्यात्मिक व्यक्तीला सांगावा, असे तेराव्या नियमात म्हटले आहे. दुसरा गट मुरलेल्या साधकांसाठी : त्यांना सैतान चांगल्या विचाराच्या रूपानेच गाठतो, म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावे लागतात. जे निवडायचे ते मुळात चांगले किंवा निदान निर्दोष असले पाहिजे, अशी अट परिच्छेद १७० मध्ये आहे. पुष्कळ लोकप्रिय पुस्तके ती गाळतात.

मतभेद : ‘आमोरिस लेतित्सिया’ (२०१६) या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी घटस्फोटानंतर पुनर्विवाह केलेल्यांच्या संदर्भात विवेकाला स्थान दिले. त्यावर चार कार्डिनलांनी लेखी शंका उपस्थित केल्या. पत्राच्या अन्वयार्थाबाबत धर्मपंडितांत एकमत नाही.

गोवा व महाराष्ट्र : इग्नेशियसच्या पहिल्या सोबत्यांपैकी संत फ्रान्सिस झेवियर यांनी ‘आध्यात्मिक साधने’तील साधना पॅरिसमध्ये केली होती; ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. प्रत्येक येशूसंघीयाला तीस दिवसांची मौनसाधना दोनदा करावी लागते : नवशिक्या असताना आणि प्रशिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यावर. पुण्यातील डी नोबिली कॉलेजात येशूसंघीयांचे प्रशिक्षण चालते. इतरांसाठी बहुधा आठ दिवसांची साधना असते.

प्रॉटेस्टंट परंपरा : धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌सने १७४६ च्या ग्रंथात खऱ्या धर्मभावनेची बारा लक्षणे दिली.

पौर्वात्य परंपरा : मठांतील वडीलधाऱ्या गुरूसमोर मन उघडे करण्यावर भर.